तक्त्यात ८८ टक्के, पण मुलांना येतं काय?

वाचक प्राध्यापिकेचं पत्र

मी एका तालुक्याच्या ठिकाणी बीएच्या मुलांना मानसशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. विभागात आम्ही दोघंच, विभागप्रमुख सर आणि मी. नॅकची, म्हणजे महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या तपासणीची, तयारी चालू आहे म्हणून ‘प्रोग्राम आउटकम’ आणि ‘कोर्स आउटकम’ची (पदवी आणि विषय शिकून मुलांना काय यायला हवं, याची) फाइल माझ्याकडे आली. अभ्यासक्रमाची बारा उद्दिष्टं आधीच लिहिलेली होती, दुसऱ्या कुठल्या तरी महाविद्यालयाच्या फाइलीवरून उतरवलेली. मी परीक्षेचे गुण एक्सेलमध्ये भरले, कुठला प्रश्न कुठल्या उद्दिष्टाचा ते जोडलं (‘मॅपिंग’) आणि ‘अटेनमेंट’, म्हणजे उद्दिष्टांची पूर्तता, ८८ टक्के आली. त्याच आठवड्यात तिसऱ्या वर्षाच्या वर्गात विचारलं, की मोबाइल जास्त वापरणारी मुलं कमी झोपतात असं एखाद्या पाहणीत दिसलं, तर मोबाइलमुळेच झोप उडते असं म्हणता येईल का? सगळे ‘हो’ म्हणाले. प्रॅक्टिकलची जर्नल्स, म्हणजे प्रयोगवह्या, तर वर्षानुवर्षं एकमेकांची उतरवलेली असतात. सर म्हणतात, फाइल पूर्ण करा, मनाला लावून घेऊ नका. मी काय करू? माझे बहुतेक विद्यार्थी मराठी माध्यमाचे, शेतकरी घरांतले आहेत. त्यांच्याकडून याहून जास्त अपेक्षा करणं हा त्यांच्यावर अन्याय तर होणार नाही ना?

— एक प्राध्यापिका (नाव न छापण्याची विनंती)

उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. अन्याय होत असेल तर तो कमी अपेक्षेचा होतोय. ज्या मुलीच्या घरातली ती पहिली पदवीधर आहे, तिला तीन वर्षांनंतर सहसंबंध (दोन गोष्टी एकत्र आढळणं) आणि कार्यकारण (एकीमुळे दुसरी होणं) यांतला फरक सांगता येत नसेल, तर तो तिला घरी कुणी शिकवणार नाही. शहरातल्या मुलीला क्लास असतो, ओळखीचं कुणी असतं, इंग्रजी पुस्तकं हाताशी असतात. तुमच्या विद्यार्थिनीकडे तुमचा तास आहे. म्हणून तुम्हाला जे खटकलं ते मनाला लावून घ्याच.

आता त्या ८८ टक्क्यांकडे बघू. तुमच्या हातात मानसमापनाची सगळी साधनं आहेत आणि महाविद्यालयात ती फक्त तुमच्याच विभागात आहेत, हे विसरू नका. सप्रमाणता म्हणजे काय, हे तुम्ही दुसऱ्या वर्षाला शिकवत असाल: चाचणी जे मोजते असं म्हणते तेच ती मोजते का? तुमच्या तक्त्यात गेलेले गुण कुठल्या प्रश्नांचे आहेत ते काढून बघा. ‘पावलॉव्हचा प्रयोग स्पष्ट करा’, ‘स्मृतीचे प्रकार लिहा’, ‘टीपा लिहा’. हे प्रश्न दरवर्षी फिरून येतात आणि गाइडमध्ये त्यांची उत्तरं छापलेली असतात. ती पाठ करणं हेही एक काम आहे, मुलं ते मेहनतीनं करतात, आणि ८८ टक्के मुलांना ते जमलं एवढंच तो आकडा सांगतो. ‘विद्यार्थी वैज्ञानिक दृष्टीनं विचार करू शकेल’ या उद्दिष्टासमोर तोच आकडा लिहिला, की सप्रमाणता गेली. तुम्ही वर्गात विचारलेला मोबाइलचा एक प्रश्न त्या उद्दिष्टाच्या बाबतीत सबंध तक्त्यापेक्षा जास्त खरं बोलला.

डोनाल्ड कॅम्पबेल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९७०च्या दशकात एक निरीक्षण मांडलं होतं, ते आज कॅम्पबेलचा नियम म्हणून ओळखलं जातं. एखादा आकडा निर्णयासाठी जितका जास्त वापरला जातो, तितका तो आकडा बिघडवण्याचा दबाव वाढतो आणि ज्या गोष्टीवर लक्ष ठेवायला तो आणला, ती गोष्टही बिघडत जाते. शाळेतल्या परीक्षांचं उदाहरण त्यानं स्वतःच घेतलं होतं. त्यामुळे तुमच्या सरांचा राग करू नका. जिथे आकड्यावर श्रेणी ठरते, तिथे माणसं आकडाच सांभाळतात.

फाइल मात्र पुरी करा. नॅकच्या मूल्यांकनात अध्ययन निष्पत्ती (शिकून काय यायला हवं ते) आणि त्यांची पूर्तता हा भाग असतोच आणि तासिका तत्त्वावरच्या माणसानं त्यावरून वाद घालावा असं मी सांगणार नाही. मी सांगते ते काम फाइलीच्या बाजूनं चालवता येतं आणि वर्षाअखेर फाइलीलाही उपयोगी पडतं.

पहिलं काम, बारा उद्दिष्टांची चार-पाच करा. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशननं २०१३ साली पदवी स्तरावरच्या मानसशास्त्रासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात सबंध पदवीसाठी पाचच उद्दिष्टं आहेत: विषयाचं ज्ञान, वैज्ञानिक चौकशी आणि चिकित्सक विचार, विविधतेच्या जगातली नैतिक व सामाजिक जबाबदारी, संवाद, आणि व्यावसायिक विकास. ही यादी उतरवून घ्या असं मी म्हणत नाही, उतरवलेल्या यादीनंच आपण इथे आलो आहोत. पण दोन माणसांच्या विभागाला बारा गोष्टी बघता येणार नाहीत, हे तिच्यावरून समजावं.

तुमच्या मुलांसाठी उद्दिष्ट लिहायचं तर डोळ्यांसमोर एक मुलगी आणा आणि विचारा, ही तिसरं वर्ष संपवून बाहेर पडताना काय करून दाखवेल? ‘मानसशास्त्राची समज येईल’ हे करून दाखवता येत नाही. ‘वर्तमानपत्रात मानसशास्त्रीय संशोधनाची बातमी आली, तर त्यात किती लोक होते, तुलना कुणाशी केली आणि कारण सिद्ध झालं का, हे तीन प्रश्न विचारून तिला आपलं मत लिहिता येईल’, हे करून दाखवता येतं. दुसरं, ‘स्वतः गोळा केलेली माहिती मांडून, ती अपेक्षेप्रमाणे आली नाही तर त्याची कारणं सांगता येतील’. तिसरं, ‘शेजारच्या मुलाला चाचणी दिली तर त्याची संमती घेणं, निकाल गुप्त ठेवणं आणि आपण काय सांगू शकत नाही हे जाणणं’. ब्लूमच्या वर्गीकरणातली (शिकण्याच्या आठवण्यापासून वरच्या विचारापर्यंत पायऱ्या मांडणारी) क्रियापदं समोर ठेवून वाक्यं जुळवण्याची पद्धत सगळीकडे आहे, पण क्रियापद बदललं म्हणून उद्दिष्ट बदलत नाही. खाली प्रश्न तोच राहिला तर ‘विश्लेषण करेल’ या वाक्याच्या पोटातही पाठांतरच असतं.

नव्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पहिल्या वर्षानंतर प्रमाणपत्र आणि दुसऱ्यानंतर पदविका घेऊन बाहेर पडायची सोय आहे. तेव्हा प्रत्येक वर्षासाठी हा प्रश्न वेगळा विचारा. लग्न ठरलं म्हणून पहिल्या वर्षानंतर थांबलेल्या मुलीकडे काय असावं? निदान मेंदूचा दहाच टक्के भाग आपण वापरतो वगैरे समज तरी सुटलेले असावेत. पहिल्या तासाला असे दहा-पंधरा समज देऊन ‘बरोबर की चूक’ लिहून घ्या, वर्षाअखेरीस तोच कागद पुन्हा द्या. तयारीला अर्धा तास लागतो आणि काय बदललं ते तुम्हाला आणि मुलांनाही दिसतं. त्यात ‘प्रत्येकाची शिकण्याची शैली वेगळी असते आणि त्या शैलीनं शिकवलं तर जास्त येतं’ हे वाक्य जरूर घाला. २००८ साली हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी यावरच्या संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवण्याला आधार देणारा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. काही प्राध्यापकांचंही उत्तर इथे चुकेल.

प्रश्न बदलायचा म्हणजे काय, ते एका उदाहरणानं सांगते. ‘ऋण प्रबलन म्हणजे काय?’ असं विचारलं तर व्याख्या येते. त्याऐवजी असं विचारा: ‘आई सारखी म्हणते, अभ्यासाला बस, अभ्यासाला बस. मुलगा पुस्तक उघडून बसला की तिचं बोलणं थांबतं. पुढे पुढे तिनं एकदा म्हटलं की मुलगा लगेच पुस्तक घेऊन बसू लागतो. मुलाच्या बाबतीत इथे काय घडलं?’ बरीच मुलं ‘शिक्षा’ लिहितील, कारण आईचं बोलणं अप्रिय आहे. पण वर्तन वाढलं आहे, आणि ते नकोशी गोष्ट थांबल्यामुळे वाढलं आहे, म्हणजे हे ऋण प्रबलन. मग पुढचा प्रश्न: ‘आईचं बोलणं दिवसेंदिवस का वाढतं?’ मुलगा पुस्तक घेतो हे तिच्या बोलण्याचं प्रबलन आहे, म्हणजे त्यामुळे तिचं बोलणं वाढतं. इथे ज्याला दोन्ही बाजू दिसल्या, त्याला संकल्पना कळली. गाइडमध्ये याचं उत्तर नाही. विद्यापीठाचा पेपर तुमच्या हातात नसेल, पण अंतर्गत मूल्यमापनाचे गुण तुमच्या हातात आहेत. त्यांतला निम्मा भाग तरी अशा प्रश्नांना द्या. पहिल्या वेळी गुण पडतील. मुलांना आधीच सांगा, की या प्रश्नांचा सराव आपण वर्गात करणार आहोत, आणि खरोखर करा. न शिकवलेलं विचारणं हा मात्र नक्की अन्याय होईल.

सराव म्हटलं म्हणून एक गोष्ट, कारण ती आपल्याच विषयातली आहे आणि आपणच ती वर्गात वापरत नाही. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानं तो चार वेळा अभ्यासला. दुसऱ्यानं एकदा अभ्यासला आणि पुढच्या तीन वेळा न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना साधारण ४० टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. म्हणजे परीक्षा नुसती मोजत नाही, शिकवतेही. तासाच्या सुरुवातीला मागच्या तासावरचे दोन प्रश्न, कागदावर, बिनगुणांचे. एवढं जरी नेमानं केलंत तरी वर्षात फरक पडेल.

आता जर्नल. मला वाटतं तुमचं खरं काम इथेच आहे. बीएच्या इतर विषयांत विद्यार्थी सहसा स्वतः माहिती निर्माण करत नाही, मानसशास्त्रात करतो. आणि तीच वही आपल्याकडे उतरवली जाते.

मुलं आळशी आहेत म्हणून उतरवतात असं मला वाटत नाही. पुस्तकात जो निकाल आहे तो आला तर गुण, नाही आला तर ‘प्रयोग चुकला’, असं आपणच त्यांना शिकवलेलं असतं. जॉन रिडली स्ट्रूपचा १९३५चा प्रयोग घ्या. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत छापलेला असतो, वाचायचा शब्द नाही, सांगायचा शाईचा रंग. वाचन इतकं आपोआप होतं की ते रंग सांगण्याच्या आड येतं आणि वेळ वाढतो. समजा तुमच्या प्रयोगशाळेतली कार्डं इंग्रजी शब्दांची आहेत. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी वाचन तितकं सवयीचं नसतं, म्हणून तो शब्द त्याला तितका अडवत नाही आणि फरक कमी येऊ शकतो. मुलगा घाबरतो, शेजाऱ्याचे आकडे उतरवतो. त्याच्या हाताला एक खरी, विचार करण्याजोगी गोष्ट लागली होती आणि गुणांच्या भीतीनं ती खोडली गेली. मला या गोष्टीचं फार वाईट वाटतं.

उपाय अवघड नाही. पुठ्ठ्यावर देवनागरीत रंगांची नावं लिहून कार्डांचा दुसरा संच मुलांकडूनच करून घ्या. दोन्ही संचांवर प्रयोग घ्या. सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर एकत्र मांडा, म्हणजे एकट्याचा आकडा वेगळा आला तरी लाज राहत नाही. आणि गुणांची वाटणी बदला: निकाल पुस्तकासारखा आला याला शून्य गुण, मूळ नोंदीचा कागद जोडला आहे याला काही, आणि ‘माझे आकडे असे का आले’ या स्वतःच्या शब्दांतल्या एका परिच्छेदाला सगळ्यात जास्त. तोंडी परीक्षेत त्या कागदावरच बोट ठेवून विचारा, ‘हा आठवा आकडा एवढा मोठा का?’ ज्यानं प्रयोग घेतला आहे त्याला आठवतं, की तेव्हा सब्जेक्टचा (ज्याच्यावर प्रयोग घेतला त्याचा) फोन वाजला होता. घरी लिहायच्या निबंधांवर आता भरवसा ठेवता येत नाही, चॅटजीपीटी दोन मिनिटांत लिहून देतं. पण वर्गात, आपल्याच आकड्यांबद्दल, समोरासमोर दिलेलं उत्तर अजून विद्यार्थ्याचंच असतं.

यानंतर विभागाचं मूल्यमापन, म्हणजे मुलांना नव्हे तर आपल्या शिकवण्याला तपासणं. सत्र संपताना दहा जर्नल्स घ्या, नावं झाकून. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात, पण वर्ग भातासारखा एकसारखा शिजत नाही, म्हणून चार हुशारांची, तीन मधल्यांची, तीन मागे राहिलेल्यांची घ्या. तुम्ही आणि सर, दोघांनी ती वेगवेगळी वाचा आणि त्या एकाच परिच्छेदाला चार पायऱ्यांत बसवा: कारण दिलंच नाही, पुस्तकातलं कारण उतरवलं, स्वतःचं कारण दिलं पण आकड्यांशी जोडलं नाही, आकड्यांशी जोडून दिलं. मग दोघांचे कागद शेजारी ठेवा. तुमचं एकमत होणार नाही, आणि ते चांगलं आहे. १९१२ साली डॅनिअल स्टार्च आणि एडवर्ड एलियट यांनी इंग्रजीच्या त्याच दोन उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शाळांतल्या शिक्षकांकडून तपासून घेतल्या. एका उत्तरपत्रिकेला मिळालेले गुण शंभरपैकी ५० ते ९७ इतके पसरले होते. तपासणाऱ्यांमध्ये किती फरक पडतो हे आपल्या विषयाला शंभर वर्षांहून जास्त काळ माहीत आहे. तुमच्या दोघांत जिथे फरक पडेल तिथे बोला, ‘तुम्हाला यात काय दिसलं?’ विभागात शिकवण्याबद्दलचं सगळ्यात चांगलं बोलणं या अर्ध्या तासात होईल.

वर्षाअखेरीस मुलांकडून भरून घेतला जाणारा ‘मला हे उद्दिष्ट साध्य झालं’ असा फॉर्म ठेवा, पण त्यावर विसंबू नका. जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांच्या १९९९च्या अभ्यासात चाचणीत तळाच्या पाव हिश्श्यात असलेले विद्यार्थी सरासरीनं १२व्या शतमकावर होते (म्हणजे शंभरातल्या साधारण १२ जणांच्याच पुढे), आणि स्वतःला ६२व्यावर समजत होते. ज्याला येत नाही त्याला आपल्याला येत नाही हेही कळत नाही. मुलांना काय आवडलं, कुठे अडलं, हे विचारायला तो फॉर्म चांगला. काय येतं ते त्यांच्या वहीतच दिसेल.

भाषेबद्दल माझं मत ठाम आहे. उद्दिष्ट जर मानसशास्त्राचं असेल तर उत्तर मराठीत घ्या आणि मराठीतच पूर्ण गुण द्या. ‘अभिजात अभिसंधान’ हा शब्द अडला आणि ‘क्लासिकल कंडिशनिंग’ लिहिलं तर एक गुणही कापू नका. इंग्रजी वाचता यावं हेही उद्दिष्ट असायला हवं, एमएला त्याची गरज पडते, पण ते वेगळं लिहा आणि वेगळं मोजा: एका इंग्रजी शोधनिबंधाचा सारांश, मराठीत, महिन्याला एक. दोन्ही एकाच प्रश्नात मिसळलं की इंग्रजी कच्चं असलेली हुशार मुलगी मानसशास्त्रात नापास दिसते.

नैतिकतेच्या उद्दिष्टाकडे माझं विशेष लक्ष आहे, कारण त्याचा प्रश्न कुठल्याच पेपरात येत नाही. बीए झालेली मुलं नावापुढे ‘काउन्सेलर’ लावून समाजमाध्यमांवर सल्ले देऊ लागतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करायला १९९२च्या कायद्याखालच्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते आणि तिच्यासाठी बीएच्या पुष्कळ पुढचं प्रशिक्षण लागतं. तुमच्या मुलांना हे ठाऊक हवं, आणि तपासायलाही हवं. तोंडी परीक्षेत एकच प्रसंग द्या: ‘तू चुलतभावाला बुद्धिमापन चाचणी दिलीस. काका विचारतात, किती आला आकडा, पोराला सायन्सला घालू का? तू काय सांगशील?’ गावात सगळी नात्याचीच माणसं सब्जेक्ट असतात, त्यामुळे हा प्रसंग त्यांच्यावर खरंच येतो.

आणि सर. त्यांच्यापुढे ‘आपली फाइल खोटी आहे’ असं म्हणू नका. ‘नॅकला कार्यवाहीचा अहवालही दाखवावा लागतो, त्यासाठी दहा जर्नल्स आपण दोघांनी वाचू या का?’ असं विचारा. दहा वह्या वाचून जे आढळेल ते अर्ध्या पानात लिहा: काय दिसलं, पुढच्या सत्रात आम्ही कुठली एक गोष्ट बदलतो आहोत. एकच बदल लिहा, आणि तो करा. पुढच्या वर्षी पुन्हा दहा वह्या, त्याच चार पायऱ्या. दोन वर्षांचे हे दोन कागद फाइलीत लागले, की ८८ टक्क्यांच्या शेजारी एक असा आकडा येईल ज्याबद्दल नॅकच्या तपासणी समितीनं (पीअर टीमनं) विचारलं तर तुम्हाला बोलता येईल. त्या कागदावर तुमचंही नाव आणि सही असू द्या. तासिका तत्त्वावरच्या माणसाचं काम बऱ्याचदा दुसऱ्याच्या नावावर जातं, आणि पुढच्या मुलाखतीला हाच कागद तुमच्या उपयोगाचा आहे.

मोबाइल आणि झोपेचा प्रश्न मात्र सत्र संपायची वाट न बघता पुढच्याच तासाला पुन्हा घ्या. या वेळी मुलांना उत्तर विचारू नका. झोप येत नाही म्हणून माणूस मोबाइल बघत बसतो असंही असू शकेल का, एवढंच विचारा आणि त्यांना भांडू द्या.